बाब क्रमांक सतरा

"मॅडम, हितं किब्ला कुटं येतो?" यास्मीननं विचारलं आणि शगुफ्तानं फाइलमधून डोकं वर न काढताच डावा हात मोठ्या खिडक्यांकडे केला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ज्या गावात माणूस जन्मतो त्या गावाचा किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा, त्याच्या अंगात असतो. डोळे बांधून गरागरा फिरवलं असतं तरी सोलापुरात शगुफ्ताला पश्चिम सापडली असती, तीही नुसती पश्चिम नव्हे, उत्तरेकडे किंचित कललेली. यास्मीन ही जुन्या प्रसूतिगृहातली आया. नव्या इमारतीत खाटा लावून घ्यायला तिला आज इकडं पाठवलं होतं, आणि जिना चढून दोन-तीन वळणं घेतल्यावर तिला दिशा कळेनाशी झाली होती. ती 'हौ' म्हणाली, फरशीवर कोरा टॉवेल अंथरला आणि असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाला उभी राहिली. शगुफ्ताचा हात मात्र तसाच हवेत राहिला. बोट खिडक्यांकडे, खिडक्या किब्ल्याकडे आणि किब्ला पश्चिमेला. तिनं हे मनात तीनदा म्हणून पाहिलं. बाळंतिणींना आणि बाळांना ठेवायच्या या बारा खाटांच्या दालनाला सहा मोठ्या खिडक्या होत्या आणि त्या साहीच्या साही पश्चिमेला होत्या. त्या उत्तरेला असायला हव्या होत्या. शगुफ्ता नदाफ या इमारतीची कनिष्ठ अभियंता होती, आणि उद्घाटनाला आठ दिवस उरले होते.

इतके दिवस हे दिसलं कसं नाही, असं कुणीही विचारील. रंगाऱ्यांनी काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती, म्हणून दिसलं नाही. महिनाभर दालनात पिवळसर उजेड असायचा, रंगाचा वास असायचा, आणि इथं येणारा जो तो वर बघून पंखे किती, खाली बघून फरशी कशी, एवढंच पाहून जायचा. त्याआधी खिडक्यांच्या जागी नुसती भोकं होती आणि शगुफ्ता यायची सकाळी दहाच्या सुमाराला. सकाळी दहाला कुठलीही भिंत गुणी असते. आता एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि ती यास्मीनच्या पुढून जायचं नाही म्हणून मागच्या बाजूनं वळसा घालून कडेच्या खिडकीपाशी गेली. वर्तमानपत्राचा कागद भाजलेल्या पापडासारखा कडक झाला होता. त्याचा कोपरा उचकटून तिनं काचेला तळवा लावला आणि पटकन काढून घेतला. मग पुन्हा लावला, कारण पहिल्यांदा लावला तेव्हा आपण उगीच घाबरलो असं वाटण्याची थोडी आशा होती. ती आशा दुसऱ्या खेपेला गेली.

या इमारतीचं सगळं कौतुकच मुळी उष्म्याशी जोडलेलं होतं. शहराच्या पैशानं जे जे बांधायचं ते यापुढं हरित बांधायचं, असा नियम झाल्यानंतरची ही पहिली इमारत. गच्चीवर पांढरा लेप, त्यावर सौर पॅनेलं, भिंतीत पोकळ विटा, पावसाचं पाणी मुरवायला खड्डा, दारात कडुनिंब. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, बाळंतिणींच्या दालनाला थंड हवेचं यंत्र नाही. यंत्राशिवायच ते गार राहिलं पाहिजे, त्यासाठीच तर मोठ्या खिडक्या उत्तरेला. हरित म्हटल्यावर ठेकेदारानं कुंपणाची भिंत पोपटी रंगवून टाकली होती आणि वर 'नियमात बसतंय की, मॅडम' असंही सांगितलं होतं. त्या दिवशी सगळं ऑफिस हसलं होतं आणि शगुफ्ताही हसली होती. आपण त्या पोपटी भिंतीपेक्षा शहाणे आहोत हे तेव्हा ती गृहीत धरून चालली होती.

ऑफिसला परत येऊन तिनं जुनी फाइल काढली तेव्हा शिपाई खिडक्या लावायला लागले होते. दोन वर्षांपूर्वी इमारतीचं जोतं झालं तेव्हा भरलेला हरित इमारतीचा तपासणी तक्ता फाइलमध्ये होता. एकूण बेचाळीस बाबी. तो वरच्या ऑफिसात कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत करून पाठवला होता, आणि ज्यानं केला त्याला जेवायला जायची घाई असावी. बाब क्रमांक पंधरा : विटा पोकळ ठरवल्या आहेत काय? उत्तर, आणि पुढं रेघ. बाब क्रमांक सोळा : पावसाचे पाणी मुरवण्याची सोय आहे काय? उत्तर, आणि पुढं रेघ. बाब क्रमांक सतरा : मोठ्या खिडक्यांची बाजू उत्तर, आणि पुढं रेघ. रेघेवर तिच्याच वळणदार अक्षरात 'होय' लिहिलेलं होतं. खाली तिची सही, आणि त्याखाली उपअभियंता प्रभुलिंग हत्तुरे यांची 'तपासले' म्हणून सही. ती खुर्चीत मागं रेलली. तिला आधी हसू आलं. मोठ्या खिडक्यांची बाजू आहे काय? उत्तर : होय. आहे. सोळा प्रश्नांना उत्तरं देत देत आलेला हात सतराव्याला थांबला नव्हता. तिनं उत्तराला उत्तर समजून उत्तर दिलं होतं, आणि वरच्या सगळ्यांनी त्याचा अर्थ दिशा असा लावून मान डोलावली होती.

शगुफ्ता दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली. तिथं दिशा म्हणजे मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब. नकाशाच्या डोक्यावर शुमाल. 'उत्तर' हा शब्द त्या शाळेत आठवड्यातून तीनदा, मराठीच्या तासाला यायचा, भुवनेश्वरीबाईंच्या बरोबर. बाई फळ्यावर ठसठशीत लिहायच्या, खालील प्रश्नांची उत्तरे लिहा, आणि मुलींकडे वळून म्हणायच्या, उत्तर पूर्ण वाक्यात पाहिजे, नुसतं होय-नाही चालणार नाही. बाईंच्या घरी तेलुगू बोलत, पण त्यांचं मराठी असं घासूनपुसून ठेवलेलं होतं की त्यात खडा सापडायचा नाही. शगुफ्तानं ते उचललं. तंत्रनिकेतनात तिनं मराठीत अहवाल लिहिले, नोकरीत चौदा वर्षं टिपणं लिहिली, आणि या चौदा वर्षांत 'तुमचं मराठी लई छान हाय हो' हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं की आता ते कानावर पडण्याआधीच तिला समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. चांगल्या मनानं म्हणायचे लोक, तेच अवघड होतं. हत्तुरेसाहेब मंद्रूपचे, त्यांच्या घरात म्हातारीपासून नातवापर्यंत सगळे कानडी बोलत. त्यांचं मराठी छान आहे असं त्यांना कुणी कधी म्हणालं नव्हतं. त्यांना ते लागूच नव्हतं. आता उद्या हा कागद बाहेर आला की चौदा वर्षांचं कौतुक एका सकाळीत फिरणार होतं. शेवटी उर्दू मीडियम, असं कुणी तोंडावर म्हणणार नाही. चहाच्या टपरीवर म्हणतील, तेही हळहळून. तिच्या पोटात खड्डा पडला. त्या खड्ड्यात बाळं नव्हती, बाळंतिणी नव्हत्या, नुसता चहाच्या टपरीवरचा तो सूर होता, आणि हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचा राग आला.

पण नकाशाचं काय, हा प्रश्न होताच. तो तिनं त्याच बैठकीत सोडवला. मूळ नकाशात फाटक दक्षिणेच्या गल्लीत होतं आणि खिडक्या मागं, उत्तरेला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की त्या गल्लीत अँब्युलन्स वळणार नाही. म्हणून फाटक पूर्वेच्या रस्त्यावर घेतलं, आणि सगळं नव्यानं काढण्याऐवजी अख्खा आराखडा पाव फेरा फिरवला. कोपऱ्यातला उत्तर दाखवणारा बाण त्याच्याबरोबर फिरला. नव्या छापील कागदावर तो पुन्हा निमूटपणे खिडक्यांकडेच तोंड करून उभा होता. कागदावर सगळं जिथल्या तिथं होतं. जमिनीवर मात्र खिडक्या मावळतीला गेल्या, आणि जुनी दप्तरं ठेवायची खोली उत्तरेच्या गार सावलीत जाऊन बसली.

घरी जाताना शुक्रवार पेठेच्या तोंडाशी ती रिक्षातून उतरली आणि उरलेलं चालत गेली. चालता चालता तिला चक्क हलकं वाटत होतं. चूक सापडली होती, चुकीला नाव होतं, आणि ते नाव एका शब्दाचं होतं. दोन अर्थांचा शब्द, वाईट भाषांतर, थकलेला हात. यात लबाडी नव्हती, कुणी पैसे खाल्ले नव्हते. ती आतल्या आत वाक्यं जुळवत होती, आणि ती चांगली जुळत होती. तिच्या आईनं, अजीजानं, दार उघडलं. दोघीच राहायच्या, धाकटा भाऊ मोईन पुण्याला ट्रक चालवायचा. चहा घेताना तिनं आईला सगळं सांगितलं, खिडक्यांचं, बाणाचं, शब्दाचं. शब्दाची गंमत सांगताना ती थोडी रंगलीही. अजीजा ऐकत होती. तिला लिहिता-वाचता बेताचंच येई, त्यामुळे शब्दाची गंमत तिच्या डोक्यावरून गेली. ती म्हणाली, "वो सब ठीक है. पन तू जाके देखी नै थी क्या?"

शगुफ्ता म्हणाली, "अम्मी, जोतं झालं होतं नुसतं. बघण्यासारखं काय असतं त्यात?"

"धूप तो थी ना," अजीजा म्हणाली आणि कप उचलून मोरीकडे गेली.

ऊन तर होतं ना. शगुफ्ता बसल्या जागी त्या वाक्याकडे बघत राहिली. याच घराच्या माडीवर मोईन जन्मला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माडी म्हणजे पत्र्याखालची एक खोली आणि तिला एकच खिडकी, मावळतीला. मे महिना होता. बाळंतीण चाळीस दिवस खोलीबाहेर यायची नाही, आणि त्या चाळीस दिवसांत दुपारी तीननंतर खोलीचा ताबा उन्हाकडे असायचा. आई बाज सरकवायची. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर यायचं, मग बाजेच्या पायाशी यायचं, की आई एका हातानं बाळ धरून दुसऱ्यानं बाज ओढायची. शेवटी बाज दाराला टेकली की पुढं जागाच नसायची. बाज ओढल्याचा करकर आवाज खाली अब्बांच्या दुकानात ऐकू यायचा. अब्बा म्हणजे इसूफ, कापूस पिंजून गाद्या भरायचे. आवाज आला की त्यांची पिंजण थांबायची. अकराव्या दिवशी बाळ लालबुंद झालं, दूध घेईना, रडायचंही सोडलं. डॉक्टर आले, त्यांनी बाळाच्या पोटाला हात लावला, भिंतीला हात लावला, आणि म्हणाले, पोराला ताप नाही, खोलीला ताप आहे. नऊ वर्षांच्या शगुफ्तानं ते खरंच मानलं आणि रात्री झोपताना भिंतीचा ताप उतरला का ते हातानं पाहायची सवय लावून घेतली. अब्बांनी आधी खिडकीला आतून गोणपाट लावलं. गोणपाटच तापलं आणि खोलीकडे तोंड करून तापत राहिलं. मग ते शिडी लावून गल्लीतून वर चढले आणि तेच गोणपाट खिडकीच्या बाहेर, हातभर अंतरावर बांबूला टांगलं. दुसऱ्या दिवशी बाजेची करकर थांबली. तिनं पुढं पदविकेच्या पुस्तकात हेच वाचलं, की सावली काचेच्या बाहेर पाहिजे, आत नको. वाचताना आपल्याला हे कुठून ठाऊक आहे ते तिला आठवलं नव्हतं. परीक्षेत मात्र पूर्ण गुण मिळाले.

दुसऱ्या दिवशी तिनं घरून मोजमापाचं काहीच नेलं नाही. दालनात लावायचे दोन नवे तापमापक खोक्यातून काढले. एक खिडकीजवळच्या खाटेवर ठेवला, एक दप्तराच्या खोलीत. एका खिडकीवरचा कागद पुरता काढून टाकला. दुपारभर ती तिथंच स्टुलावर बसून राहिली. यास्मीननं दोनदा पाणी आणून दिलं आणि तिसऱ्यांदा पाणी न आणता नुसती येऊन उभी राहिली. खाटेवर उन्हाचा चौकोन पडला होता. बाळाला जिथं ठेवतात, आईच्या डाव्या कुशीला, बरोबर तिथं. साडेचारला खाटेवर बेचाळीस अंश होते आणि दप्तराच्या खोलीत पस्तीस. "मॅडम," यास्मीन म्हणाली, "जुन्या दवाखान्यात पोपडे पडायचे अंगावर, पन असं व्हत नव्हतं. बाया तर बोलतील, बाळं काय बोलनार?" शगुफ्तानं आकडे वहीत लिहिले. काय करायचं ते तिला कळलं होतं, आणि ते कळल्यावर एक प्रकारचा गारवा वाटला. त्या दालनात तेवढाच काय तो गारवा. खिडक्यांच्या बाहेर दोन हात सोडून विटांची जाळीची भिंत उभी करायची, म्हणजे ऊन बाहेरच अडेल आणि वारा आत येईल. दोन महिन्यांचं काम. तोवर दालन उघडायचं नाही.

हत्तुरेसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. उलट ऑफिसात ज्याच्याकडे जाऊन खरं बोलता यावं असा तोच एक होता. जाड भिंगाचा चष्मा, बोलताना टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा जागेवर ठेवायची सवय. त्यांनी तक्ता जवळ ओढला, बाब क्रमांक सतरा वाचली, पुन्हा वाचली आणि त्यांच्या मिशीखाली हसू आलं. "अरारा," ते म्हणाले. "उत्तर, होय. कुणाला बी फसवंल हे." मग गंभीर झाले. "पडदे लावू की. जाड पडदे."

"पडदा आतून तापतो साहेब. त्यानं काही होत नाही. बाहेर जाळी पाहिजे."

"दोन महिने? तारीख ठरलीय, पत्रिका छापल्यात, पावने ठरल्यात." त्यांनी टाचणी उचलली. "बरं, लिहायचं तर लिहा. पन नीट लिहा. 'तक्त्यातील मराठी शब्दाचा अर्थ लक्षात न आल्यामुळे' असं लिहा. तुमचं शिक्षन उर्दूतलं, वर सगळ्यांना ठावं हाय. कुनी काय करनार न्हाय तुमाला. चौकशी बी नको न् काय नको. मानसं समजून घेतील."

माणसं समजून घेतील हे तिलाही माहीत होतं. तेच नेमकं होणार होतं. वरचे साहेब हे वाक्य वाचतील, चुचकारल्यासारखं हसतील, भाषेचा घोटाळा म्हणून शेरा मारतील, पडदे मंजूर करतील, आणि आठव्या दिवशी फीत कापली जाईल. चूक एका शब्दात मावली की ती तिथंच पुसता येते. दालनाला हात लावायची गरज कुणालाच वाटणार नाही. ती म्हणाली, "उद्या सकाळी कागद आणून देते," आणि आपल्या टेबलाशी आली.

कागद पुढं घेतला आणि हत्तुरेसाहेबांनी सांगितलेलं वाक्य तिनं कच्चं लिहून पाहिलं. वाक्य सुंदर झालं. इतकं शुद्ध मराठी लिहिणारीला मराठी शब्द कळला नाही, यातली गंमत कुणाच्या लक्षात येणार नव्हती. ती ते वाक्य बघत बसली आणि मग मनात हळूच दुसरी एक गोष्ट हलली. समजा, तिला शब्द बरोबर कळला असता. समजा, तक्त्यात 'शुमाल' लिहिलं असतं, तिच्या शाळेतल्या अक्षरांत. तर तिनं काय लिहिलं असतं? समोर नकाशा होता. नकाशात बाण खिडक्यांकडे होता. तिनं 'होय'च लिहिलं असतं. शब्दानं काहीच केलं नव्हतं. शब्द कालपासून निष्कारण मार खात होता. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस तिला आठवायला नको होता, म्हणून तो इतका वेळ आठवला नव्हता. आता आला तो सगळाच आला. मे महिना, दुपारचे तीन. तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, प्रत्यक्ष जागेवर जाऊन भरावा. ती चप्पल सरकवून उठलीही होती, ओढणी डोक्यावर घेतली होती. दारापाशी गेल्यावर अंगणातून भट्टीसारखी वाफ आली. ती एक क्षण उंबऱ्यावर उभी राहिली आणि परत फिरली. कूलरसमोर खुर्ची ओढून, नकाशा पुढ्यात घेऊन, तिनं बेचाळीस बाबी वीस मिनिटांत भरल्या. ती चार वाजता त्या जोत्यावर नुसती उभी राहिली असती तरी पुरे होतं. समोरून तोंडावर येणारं ऊन आणि हातातल्या नकाशातला उत्तरेचा बाण एकाच दिशेला आहेत, हे तिला कुणी शिकवावं लागलं नसतं. जी बाई किब्ला विचारल्यावर मान वर न करता हात करते, तिला एवढं कळलं नसतं?

म्हणजे उष्म्याची तपासणी उष्म्याला भिऊन झालीच नव्हती. तिला शरम वाटली, आणि ही शरम टपरीवरच्या सुरासारखी नव्हती. त्या शरमेत ती दुसऱ्यांच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघत होती. या शरमेत दुसरं कुणी नव्हतंच. नवल म्हणजे हिनं तिला बळ आलं. तिला वाटलं, एवढी मोठी इमारत सरळ उभी आहे, ती सरळ उभीच नाही असं सांगणारी मी एकटी, आणि माझ्याजवळ सांगायला फक्त हे आहे. हे दिलं नाही तर बाकीचं कुणी कशाला ऐकेल? तिनं कच्चा कागद फाडला. नव्या कागदावर आकडे लिहिले, वेळा लिहिल्या, जाळीची आकृती काढली, जाळी होईपर्यंत दालन उघडू नये असं लिहिलं. मग एक नवी ओळ सुरू केली. बाब क्रमांक सतरामधील शब्दाचा अर्थ मला माहीत आहे. सदर तक्ता मी जागेवर जाऊन भरलेला नाही. त्या दिवशी ऊन फार असल्याने मी गेले नाही. पूर्ण वाक्यं, भुवनेश्वरीबाईंना हवी तशी. सही केली, तारीख घातली. चौकशी लागेल, बढतीची यादी तिच्यावाचून पुढं जाईल, हे सगळं तिनं एकदा नीट मनात आणलं आणि ते तिथं राहू दिलं. ते खरं होतं आणि त्यानं कागदात फरक पडत नव्हता.

सकाळी हत्तुरेसाहेबांनी कागद हातात घेतला, आकडे वाचले, आकृती उलटसुलट करून पाहिली, आणि शेवटच्या ओळींवर आल्यावर चष्मा काढला.

"हे काय लिहिलं?"

"झालं ते लिहिलंय."

"ऊन होतं म्हनून गेले न्हाय? असं कुनी सरकारी कागदावर लिहितं का, मॅडम?" ते मोठ्यानं बोलले नाहीत, उलट आवाज खाली आला. "ह्या दोन वळी काढा. लोक हसतील."

"हसू देत. काढल्या तर भाषेचा घोटाळा होईल आणि पडदे येतील."

"आन् न्हाय काढल्या तर? तर सगळं तुमच्यावर येईल. एक बाई कामचुकार निघाली, तिला नोटीस द्या, आन् पडदे लावा. मला इतकी वर्सं ठावं हाय हे ऑफिस. एकट्या मानसाचा कागद असला की तो मानसावर जातो, कामावर जात न्हाय."

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. रात्रभर बांधलेलं काहीतरी आत खचल्यासारखं झालं, कारण साहेब घाबरवत नव्हते, खरं सांगत होते. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली. मग ती म्हणाली, "तरी तसाच जाऊ दे. नोटिशीला मी पुन्हा हेच लिहीन. आकडेही पुन्हा लिहीन. दर आठवड्याला नवे घेऊन लिहीन."

हत्तुरेसाहेबांनी टाचणी उचलली. जागेवर ठेवली नाही, हातातच धरून बसले.

"त्या दिवशी तुमी दारापत्तर गेला हुता," ते म्हणाले. "वढनी डोक्यावर घेतली हुती."

"हो."

"आन् कूलर ह्या खोलीत हुता. एकच हुता तवा ऑफिसात. मीच हाक मारली तुमाला. कशाला जाताव उन्हात, हितंच बसून भरा की, म्हनलो. ताक बी मागवलं हुतं."

शगुफ्तानं कागदावरच्या आपल्या शेवटच्या ओळींकडे पाहिलं.

"ते न्हाय लिहिलं तुमी ह्यात. इसरला व्हय?"

"नाही, साहेब."

"मग?"

"परत मी फिरले. तेवढं माझं. हाक तुमची, ती तुमच्या अक्षरात पाहिजे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असं वाटेपर्यंत ते पाहणं बदललं होतं. निवृत्तीला चार वर्षं राहिलेला, मंद्रूपहून रोज सकाळच्या एसटीनं येणारा, 'तपासले' या शब्दाखाली आयुष्यभर सही करत आलेला माणूस खुर्चीत किंचित पुढं सरकला. त्यांनी टाचणी ठेवली, कागद स्वतःकडे फिरवला आणि तिच्या सहीखालची जागा बोटानं मापून पाहिली. चार बोटं होती.

"बसा," ते म्हणाले. "माझं मराठी जरा बघून द्या. शुद्धलेखन लई कच्चं हाय माझं."

ती खुर्ची ओढून बसली, आणि साहेब एकेक अक्षर जपून लिहायला लागले.